फोटोतला कापलेला तुकडा

'छावा' लागायच्या आधीच आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडले होते. ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. एकीकडून 'महाराज असे नाचतील का?', दुसरीकडून 'लेझीम आपलाच खेळ आहे, त्यात बिघडलं काय?'. शेवटी दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंगच काढून टाकला आणि ग्रुपवर पुन्हा गुड मॉर्निंगचे फोटो यायला लागले. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'च्या वेळीही हेच झालं होतं. मी तेव्हा शाळेत होते. काशीबाई आणि मस्तानी 'पिंगा'वर एकत्र नाचतात म्हणजे काय, म्हणून टीव्हीवर ते गाणं लागलं की आजोबा रिमोट शोधायचे.

मी लेझमीच्या बाजूने नाही की विरोधातही नाही. मला खटकलं ते वेगळंच. 'इतिहासाची मोडतोड' म्हणताना आपली नजर कुठे जाते बघा. गाण्यावर, नऊवारीवर, दागिन्यांवर, कोण कुणासमोर वाकलं त्यावर. म्हणजे जे पडद्यावर दिसतं त्यावर. सिनेमाने जे दाखवलंच नाही, त्यासाठी भांडायला कुणी येत नाही. येणार कसं? त्यासाठी ते आधी माहीत असायला हवं ना!

हे दोन्ही सिनेमे कादंबऱ्यांवर बेतलेले. 'राऊ' ना. सं. इनामदारांची, 'छावा' शिवाजी सावंतांची. कादंबरीकार कल्पनेची मोकळीक घेतो, सिनेमावाला त्या मोकळिकीवर आणखी मोकळीक घेतो, मग नेमकं काय कुणी बदललं याचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे इतिहास गोष्टीसारखा वाचायचा म्हणजे ऐतिहासिक कादंबरीच वाचायची, असं जवळपास ठरून गेलंय. इंग्रजीत मात्र आणखी एक प्रकार जोरात चालतो, ज्याला मराठीत सुटसुटीत शब्दही अजून रुळलेला नाही. नॅरेटिव्ह नॉनफिक्शन. वाचताना थेट थ्रिलर, पण अट एकच, मनाचं काही घालायचं नाही. एखादी बाई मनात काय म्हणाली हे लिहायचं तर तिचं पत्र किंवा डायरी हाताशी हवी. त्या दिवशी पाऊस होता असं लिहायचं तर पावसाची नोंद हवी. अशा पुस्तकाचा सिनेमा झाला की काय ठेवलं, काय टाकलं हे मोजता येतं.

गेल्या पावसाळ्यात मी असं एक मोजमाप करून पाहिलं. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'. डेव्हिड ग्रॅन या पत्रकाराचं पुस्तक २०१७ चं, मार्टिन स्कोर्सेसीचा सिनेमा २०२३ चा. आधी सिनेमा पाहिला, जवळजवळ साडेतीन तासांचा, दोन रात्रींत. (एका रात्रीत पाहिला म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.) मग पुस्तक वाचलं. सिनेमा मला खूप आवडला होता, अजूनही आवडतो. पण पुस्तकाचा शेवटचा भाग वाचताना लक्षात आलं, की मी ज्याला अख्खी गोष्ट समजत होते तो गोष्टीचा एक कोपरा होता.

ज्यांनी दोन्हीतलं काहीच पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते.

ओसेज ही अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना कॅन्सासमधून हुसकावलं, तेव्हा १८७० च्या दशकात त्यांनी आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तिथे जमीन विकत घेतली. जमीन खडकाळ, शेतीला बिनकामाची. निदान इथे तरी कुणी मागे लागणार नाही, असा हिशेब. पुढे त्याच खडकांखाली तेल निघालं. १९०६ मध्ये सरकारने जमिनीची वाटणी करायला लावली, तेव्हा ओसेजांनी मोठी हुशारी केली. वरची जमीन माणसांमध्ये वाटली, पण जमिनीखालचं जे काही असेल ते सगळ्या जमातीचं सामायिक ठेवलं. यादीतल्या २,२२९ जणांना तेलाच्या उत्पन्नात प्रत्येकी एक वाटा. हा वाटा विकता यायचा नाही, विकत घेता यायचा नाही. तो फक्त वारशाने मिळायचा.

हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. पुढचं सगळं त्यातून निघालं.

एकट्या १९२३ या वर्षात जमातीला ३ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. डोईमागे मोजलं तर जगातले सगळ्यांत श्रीमंत लोक, असं तेव्हाचे पेपर लिहायचे आणि ओसेजांच्या गाड्या आणि नोकरचाकर पाहून नाकंही मुरडायचे. सरकारने त्यावर उपाय काढला. ज्याच्या अंगात निम्मं किंवा त्याहून जास्त ओसेज रक्त, तो पैसे सांभाळायला अक्षम असं आधीच धरून चालायचं. त्याच्यावर एक पालक नेमायचा. हा पालक सहसा गावातलाच कुणी गोरा वकील, व्यापारी नाहीतर रँचवाला. पैसे तुमचे, पण दुकानातून टूथपेस्ट घ्यायची तरी मंजुरी त्याची. सिनेमात एक प्रसंग आहे, मॉली या ऑफिसात जाते आणि स्वतःचं नाव सांगतानाच 'अक्षम' हा शब्दही सांगते, रोल नंबर सांगावा इतक्या सहज. माझ्यासाठी अख्ख्या सिनेमातला सगळ्यांत भीतिदायक प्रसंग हा आहे. यात रक्ताचा एक थेंब नाही.

मॉली बर्कहार्ट ही यातली मधली बाई. १९१८ मध्ये तिची बहीण मिनी कसल्याशा आजाराने झिजून गेली. मे १९२१ मध्ये दुसरी बहीण ॲना घळईत सापडली, डोक्यात गोळी. दोन महिन्यांत आई गेली. मार्च १९२३ मध्ये तिसरी बहीण रिटा हिचं घर रात्री स्फोटाने उडवलं. त्यात रिटा गेली, तिचा नवरा गेला आणि घरकामाला असलेली तरुण मुलगीही गेली. प्रत्येक मृत्यूबरोबर वाटे सरकत सरकत मॉलीच्या दिशेने. मॉलीचा नवरा अर्नेस्ट गोरा, आणि त्याचा अंकल विल्यम हेल हा गावातला बडा असामी, गुरांचा मोठा व्यापार असलेला, ओसेजांचा मित्र म्हणवणारा. मॉलीला मधुमेह होता. उपचार चालू असताना ती सुधारायच्या ऐवजी खंगत चालली होती. या लोकांच्या हातातून सुटली आणि सावरली.

आता गंमत बघा. ग्रॅनच्या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात आपण मॉलीच्या शेजारी बसलेलो असतो. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. नवरा घरात आहे, काळजी घेतोय, आणि आपल्यालाही त्याचा संशय येत नाही. दुसऱ्या भागात टॉम व्हाइट नावाचा सरकारी तपास अधिकारी येतो, वेषांतर केलेली माणसं पेरतो, आणि धागे जुळत जुळत हेलपर्यंत, अर्नेस्टपर्यंत पोचतात. तेव्हा आपल्याला जो धक्का बसतो, त्यात मॉलीचा धक्का मिसळलेला असतो. ती याच माणसाबरोबर संसार करत होती, आपणही त्याच घरात पन्नासेक पानं राहिलेलो असतो.

स्कोर्सेसीने ही खुर्चीच बदलली. सुरुवातीला लिओनार्डो डिकॅप्रिओ टॉम व्हाइट करणार होता, म्हणजे गोरा अधिकारी येतो आणि मूलनिवाशांना न्याय मिळवून देतो अशा साच्यातला सिनेमा होणार होता. मग पटकथा नव्याने लिहिली गेली, डिकॅप्रिओ अर्नेस्ट झाला आणि टॉम व्हाइट सिनेमात येतो तेव्हा दोन तास उलटून गेलेले असतात. खुनी कोण हे लपवायच्या भानगडीत सिनेमा पडतच नाही. हेल सांगतोय, अर्नेस्ट मान हलवतोय, आपण बघतोय. रहस्य संपतं आणि त्याजागी एक घाण प्रश्न येतो, की हा माणूस बायकोवर प्रेमही करतो आणि हेही करतो, हे एका डोक्यात मावतं कसं?

हा बदल मला पुस्तकाशी बेइमानी वाटत नाही. उलट, पहिल्या पटकथेपेक्षा शंभर पटीने प्रामाणिक वाटतो. पण याची किंमत कुणी दिली? मॉलीने. लिली ग्लॅडस्टोन पहिल्या तासात नुसत्या नजरेने समोरच्याला उभा चिरते, आणि मग सिनेमा जसजसा अर्नेस्टच्या डोक्यात शिरतो तसतशी ती बिछान्याला लागते आणि कोपऱ्यात जाते. सिनेमाच्या प्रीमियरलाच ओसेज भाषेच्या एका सल्लागाराने हे बोलून दाखवलं होतं, की ही गोष्ट मॉलीच्या नजरेतून यायला हवी होती. तो बाहेरचा टीकाकार नव्हता, सिनेमाच्या टीममधलाच माणूस होता. आणि त्याच वेळी स्कोर्सेसीने आमच्या लोकांना मान दिला, असंही तो म्हणत होता. दोन्ही एकदम म्हणता येतं, हे आपल्या सोशल मीडियावर कुणीतरी शिकवायला हवं.

आता तिसरा भाग, ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय.

हेल आणि अर्नेस्टला जन्मठेप झाली. तपास यंत्रणेने फाइल बंद केली. त्या यंत्रणेचा प्रमुख जे. एडगर हूवर याला आपली संस्था गाजवायची होती, हीच संस्था पुढे एफबीआय झाली. अधिकृत हिशेबाप्रमाणे दोन डझनांच्या आसपास खून आणि खलनायक एक. सिनेमाही साधारण इथेच थांबतो. ग्रॅन मात्र थांबत नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात तो स्वतः येतो, जवळजवळ नव्वद वर्षांनंतरच्या ओक्लाहोमात. ओसेज म्हातारी माणसं त्याला भेटतात आणि प्रत्येकाकडे एक वेगळाच मृत्यू असतो. कुणाचा आजा, कुणाची आजी. यातल्या अनेक मृत्यूंशी हेलचा संबंध लागत नाही. काही हेलच्या धंद्याआधीचे, काही तो तुरुंगात गेल्यानंतरचे. मग ग्रॅनला सरकारी दप्तरात एक वही मिळते. कुठल्या पालकाच्या हाताखाली कोणकोणते ओसेज होते याची यादी. साधी कारकुनी यादी. आणि नावांपुढे एकामागून एक शेरा, मयत. मयत. मयत.

म्हणजे हा एका राक्षसाचा उद्योग नव्हता, धंदा होता गावाचा. मृत्युपत्र करणारा वकील, दाखला देणारा डॉक्टर, पुरणारा अंडरटेकर, कर्ज देणारी बँक, सगळ्यांना आपापला हिस्सा. मृतांचा खरा आकडा अधिकृत आकड्यापेक्षा कितीतरी मोठा असणार, असं ग्रॅन म्हणतो, आणि तो कधीच कळणार नाही, कारण ज्यांनी नोंदी ठेवायच्या तेच यात होते.

हे ग्रॅनलाच पहिल्यांदा सापडलं असंही नाही. १९९४ मध्ये डेनिस मॅकऑलिफ या पत्रकाराने आपल्या ओसेज आजीवर, सिबिल बोल्टनवर, एक पुस्तक लिहिलं. ती १९२५ मध्ये तरुणपणी गेली होती आणि घरात तिच्या मृत्यूचं भलतंच कारण सांगितलं जायचं. नातू कागद उकरत गेला आणि खुनापर्यंत पोचला. त्या पुस्तकाचा सिनेमा झाला नाही. का झाला नसेल, याचा विचार मी करते तेव्हा एकच उत्तर सुचतं. त्यात कुणी टॉम व्हाइट येत नाही.

सिनेमाला खलनायक लागतो, एक, फार तर दोन. रॉबर्ट डी नीरोसारखा नट मिळाला तर प्रश्नच मिटला. अख्ख्या गावाला क्लोजअप देता येत नाही. मला हे कळतं. पण त्याचा परिणाम असा होतो, की खलनायक तुरुंगात गेला की प्रेक्षक मोकळा होतो. थिएटरातून बाहेर पडताना आपल्याला वाटतं, संपलं बाबा एकदाचं. प्रत्यक्षात यातले कितीतरी वाटे आजही ओसेज नसलेल्या लोकांच्या आणि संस्थांच्या नावावर आहेत. ते परत मिळावेत यासाठी ओसेज अजून भांडताहेत. हे प्रकरण हेलबरोबर संपलं, असं ज्याच्या डोक्यात बसलंय त्याला हे भांडण समजणारच नाही.

आणखी एक मजा. ओसेजांच्या गोष्टीचं हे पहिलं रूपांतर नाही. १९३२ मध्ये सिगारेटच्या एका ब्रँडच्या रेडिओ कार्यक्रमात या खुनांवर श्रुतिका झाली, हूवरच्या माणसांनी पुरवलेल्या माहितीवर. हिरो अर्थातच त्याची संस्था. १९५९ मध्ये 'द एफबीआय स्टोरी' नावाचा सिनेमा आला, जेम्स स्ट्युअर्टचा. त्यातही हे प्रकरण आहे, इतर अनेक केसेसमधली एक केस म्हणून, आणि हूवर त्यात स्वतः दर्शनही देऊन जातो. या दोन्ही ठिकाणी ओसेज कशासाठी आहेत? मरण्यासाठी.

म्हणून स्कोर्सेसीने केलेला शेवट मला भारी वाटतो. कोर्ट, निकाल वगैरे झाल्यावर एकदम रेडिओचा स्टुडिओ दिसतो. कलाकार माइकसमोर संवाद म्हणताहेत, कुणी नारळाच्या करवंट्यांसारखं काहीतरी आपटून आवाज काढतंय, प्रेक्षक मजेत बसलेत. माणसांच्या मरणाची करमणूक झाली. मग खुद्द स्कोर्सेसी मंचावर येतो आणि मॉलीच्या मृत्यूची बातमी वाचतो. १९३७ मध्ये ती गेली, आणि त्या बातमीत खुनांचा उल्लेखही नव्हता. ऐंशी वर्षांच्या दिग्दर्शकाने आपल्याच सिनेमाला त्या रेडिओवाल्यांच्या ओळीत नेऊन उभं केलं. चूक कबूल करण्याची ही तऱ्हा मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. पण कबुली दिली म्हणून गाळलेला भाग भरून निघतो का? नाही निघत.

खुर्ची बदलली की काय होतं, याचं याहून छोटं आणि सोपं उदाहरण 'हिडन फिगर्स'. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल, निदान रील तरी. नासात काम करणारी कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन हातात फाइली घेऊन कृष्णवर्णीयांच्या बाथरूमसाठी अर्धा मैल धावते, आणि शेवटी तिचा गोरा बॉस हातोडा घेऊन तो बोर्डच तोडतो. टाळ्या! मीही वाजवल्या होत्या. मग मार्गो ली शेटरली यांचं मूळ पुस्तक वाचलं. तो बॉस खऱ्या आयुष्यात नव्हताच, दोन-तीन माणसं मिसळून बनवलेला. कॅथरीन सरळ जवळचं बाथरूम वापरायची. बाथरूमवरून अपमान झाला होता तो मेरी जॅक्सनचा. आणि बोर्ड काढला होता तो मिरियम मॅन या बाईने. कॅफेटेरियात कृष्णवर्णीय बायकांच्या टेबलावर एक पाटी ठेवलेली असायची. मिरियम ती उचलायची आणि पर्समध्ये टाकायची. दुसऱ्या दिवशी नवी पाटी. ती पुन्हा पर्समध्ये. असं किती वेळा! शेवटी एक दिवस पाटी यायची बंद झाली.

मला सांगा, यातला जास्त सिनेमॅटिक प्रसंग कुठला? नोकरी जायची भीती असताना रोज जेवताना एक पाटी चोरणारी ठेंगणीठुसकी बाई, की हातोडा? मला तरी यात पटकथाकाराची गरज दिसत नाही, सवय दिसते. पाटी काढायचं श्रेय जिचं होतं तिच्याकडून काढून, अस्तित्वातच नसलेल्या एका साहेबाला दिलं गेलं. तारीख चुकली असती तर लोकांनी पकडली असती. हे कुणी पकडत नाही, कारण हे बघताना छान वाटतं.

आपल्याकडे असं काही होतं का, म्हणाल, तर मुंबईतच झालंय. एस. हुसेन झैदींचं 'ब्लॅक फ्रायडे' २००२ चं, १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचं. अनुराग कश्यपने त्यावर सिनेमा केला आणि खरी नावं तशीच ठेवली. टायगर मेमन म्हणजे टायगर मेमन. सिनेमा २००४ मध्ये तयार होता. पण खटला अजून चालू होता, आरोपी कोर्टात गेले, सिनेमामुळे आमच्याविषयी मत बनेल म्हणाले, आणि प्रदर्शन थांबलं ते थेट फेब्रुवारी २००७ पर्यंत. मला आरोपींचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. सिनेमा एकदा डोक्यात बसला की निकालाचं कोण वाचतं? पण त्या सिनेमाने एक गोष्ट जपली, जी आपल्या बहुतेक 'सत्य घटनांवर आधारित' सिनेमांत सापडत नाही. तो सुरू होतो स्फोटांच्या तीन दिवस आधी, एक किरकोळ आरोपी पोलिसांना सांगतोय की शहरात स्फोट होणार आहेत, आणि कुणी त्याचं ऐकत नाही. पुढे पोलिसांची मारहाण आहे, आधीच्या दंगली आहेत. टायगर मेमन खलनायक आहेच, पण सगळं त्याच्या अंगावर ढकलून बाकीच्यांना घरी सोडलेलं नाही.

हल्ली तर उलटाच प्रकार. सुरुवातीला 'सत्य घटनांवर आधारित' अशी मोठ्ठी पाटी, आणि तिच्या आगेमागे बारीक अक्षरात 'सर्व पात्रे व घटना काल्पनिक'. नक्की काय समजायचं माणसाने? टाळ्या हव्यात तेव्हा सत्य, वकिलाची नोटीस आली की कल्पना! 'छावा'च्या वेळी लेझमीच्या आवाजात एक गंभीर आक्षेप जवळजवळ बुडाला होता. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना ज्या पद्धतीने फितूर दाखवलं, त्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. त्यात इतिहासाच्या बाजूने कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेली नाही, ते काम कागदपत्रं वाचणाऱ्यांचं. पण दोष नेमका कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हा प्रश्न सिनेमाच्या पोटातला होता, लेझमीचा वरचा. आमच्या ग्रुपवर लेझमीवर दोनशे मेसेज पडले होते. यावर चार.

ग्रॅनच्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र सिनेमात असायला हवी होती. पॉहस्का गावात ओसेजांचं म्युझियम आहे. तिथे ग्रॅनने १९२४ चा एक लांबच लांब फोटो पाहिला, ओसेज आणि गोरे शेजारी शेजारी उभे असलेला. त्याचा एक तुकडा गायब होता. त्याने विचारलं, हा भाग कुठे गेला? म्युझियमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, त्या जागी सैतान उभा होता. मग त्यांनी तळघरातून त्या तुकड्याची प्रत काढून आणली. हेल होता तो. ओसेजांनी त्याला फोटोतून कापला होता, कारण रोज भिंतीवर त्याचं तोंड बघणं त्यांना शक्य नव्हतं.

हे वाचून मी त्या फोटोबद्दल बराच वेळ विचार करत होते, आणि मला प्रश्न पडला तो वेगळाच. हेल कापला, ठीक. पण वकील, डॉक्टर, बँकवाले आणि पालक? फोटोत जे गोरे उरले होते, हसत, टोप्या घालून, त्यांचं काय?

लेझमीच्या विरोधात सगळ्यांत जास्त मेसेज टाकणाऱ्या मित्राला मी ते पुस्तक दिलंय. सिनेमा त्याने आधीच पाहिलाय. परवा रात्री त्याचा मेसेज आला, 'हेलला शिक्षा झाली, केस संपली. मग एवढी पानं अजून कशाची उरलीयेत?'

मी लिहिलं, 'झोपू नकोस. वाच.'